बेगमपेठचा टांगा

परवा माझा नातू अमेरिकेहून आला. हैदराबादच्या विमानतळावरून फोन केला, "आजी, उतरलो गं, टॅक्सीत बसायलोय." त्या फोननं जुनं सगळं वर आलं, म्हणून हे लिहायला घेतलं. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं मी. भूत, भानामती, अंगात येणं... कुणी सांगायला लागलं की मीच त्याची उलटतपासणी घ्यायची. तरी एक गणित मला आजवर सुटलेलं नाही.

निजामाचं राज्य होतं, दुसरी मोठी लढाई नुकतीच संपलेली. मी चौदा वर्षांची. आमचं गाव चिंताकी, औराद तालुक्यातलं. थोरला भाऊ, म्हादूअण्णा, तिकडं इराकात बसऱ्याला फौजेत एका गोऱ्या साहेबाची मोटार चालवायचा. तीन वर्षं त्याचं तोंड दिसलं नव्हतं. आणि एक दिवस पत्र आलं — साहेबासोबत विमानानं येतोय, हैदराबादला बेगमपेठच्या विमानतळावर उतरणार, न्यायला या. विमान आम्ही फक्त डोक्यावरून जाताना पाहिलेलं. माय म्हणाली, "उतरताना त्याला धरायला कुनी हाय का न्हाई?"

माझे वडील, अप्पा, आणि मी निघालो. मायनं दोन भाकरी बांधून दिल्या. एक अण्णाला खायला, कारळाची चटणी घालून. दुसरी ओवाळायला. आमच्याकडं लांबून माणूस आला की दाराबाहेरच त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात... रस्त्यात काही मागं लागलं असेल तर ते तिथूनच परत जावं म्हणून. माय बजावून म्हणाली, "मुक्कामाच्या दारात आदी तुकडा टाक, मगच आत. इसरचील बग."

बिदरहून रेल्वेनं बेगमपेठ. दुपारी विमान आलं. टोपीवाले साहेब उतरले, एक मडम उतरली, सामान उतरलं. मग शिडी काढली. अप्पा तारेच्या कुंपणाला धरून उभेच. शेवटी तिथल्या कारकुनानं यादी पाहिली आणि मान हलवली. असं नावच नव्हतं. साहेबाचंही नव्हतं.

"उद्याच्याला यील," अप्पा म्हणाले. "साहेब लोकांचं काय खरं हाय?" पण कुंपणाची तार सोडेनात. मला रडू यायलं होतं, पण त्यांच्याकडं बघून गिळलं.

नामपल्लीच्या धर्मशाळेत मुक्काम करायचा, उद्या परत यायचं असं ठरलं. टांगा केला. अप्पा पुढं टांगेवाल्याशेजारी, मी मागं एकटीच, भाकरीचं गाठोडं मांडीवर. हे बसणं नीट ध्यानात ठेवा. दोन गडी पुढं, मागं एक काडीसारखी पोरगी. टांगा पुढं दबायला पाहिजे.

खैरताबादच्या अलीकडं टांगेवाला कुरकुरायला लागला. दांड्या वर उचलायल्या होत्या, घोड्याच्या पोटाखालचा पट्टा ताणला होता. तो मागं वळून म्हणाला, "पीछे कित्ते जने बैठे जी?"

"एकच पोरगी हाय," अप्पा म्हणाले. पण त्यांनीही मागं पाहिलं. जन्मभर बैलगाडी हाकलेला माणूस, गाडी उलाळ झालेली त्यांना बुडाखाली कळायची. मागं वजन जास्त झालं, पुढचं उचललं, की आम्ही उलाळ म्हणतो.

आता अण्णाची एक खोड सांगते. गाडीत कधी नीट बसला नाही तो. कायम मागच्या टोकाला, पाय खाली सोडून. गाडी उलाळ व्हायची आणि अप्पा न बघताच ओरडायचे. ते वाक्य आमच्या घरात इतकं झालं होतं की मी लहानपणी बाहुल्यांनाही म्हणायची.

अप्पांनी समोर तोंड केलं. आणि अगदी हळू म्हणाले, "म्हाद्या, म्होरं सरक."

टांगा सपाट झाला.

टांगेवाला "हौ, अब ठीक है" म्हणाला आणि चाबूक टेकवला. मी आपोआप बाजूला सरकून जागा करून दिली. का, ते मला सांगता येत नाही. दिसलं काही नाही, वास नाही, स्पर्श नाही. फक्त भीती वाटली नाही, तीन वर्षांत पहिल्यांदा घर भरल्यासारखं वाटलं. नामपल्लीपर्यंत अप्पा एकटेच बोलत होते. पाऊस बरा झालाय, पांढरा बैल विकला न्हाई, तुजी माय थकलीय आता. टांगेवाल्याला वाटलं, त्याच्याशीच बोलायलेत.

धर्मशाळेच्या दारात टांगा थांबला. मी गाठोडं घेऊन उतरले. अप्पा अजून पुढंच बसलेले, उतरायचं नाव नाही. मी उतरूनही टांगा तसाच सपाट, पुढं दबलाच नाही. मला मायचं बजावणं आठवलं. शहाणी पोरगी ना मी! तुकडा मोडला, टांग्यावरून सगळीकडून ओवाळला आणि डाव्या-उजव्या अंगाला टाकून दिला.

दांड्या धाडकन घोड्याच्या पाठीवर दबल्या. घोडा दोन पावलं पुढं गेला.

"उतर गया जी," टांगेवाला म्हणाला, अगदी सहज.

अप्पांनी रस्त्यावरचे तुकडे पाहिले, मग मला. "काय केलीस गं बाई," एवढंच. रागानं नव्हे. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशीच्या विमानातूनही कुणी आलं नाही. पंधरा दिवसांनी कागद आला. अण्णा बसऱ्याच्या दवाखान्यात तापानं गेला होता, आम्ही कुंपणाशी उभे होतो त्याच्या चार दिवस आधी. टांग्याचं आम्ही मायला कधीच सांगितलं नाही. चटणीची भाकर अप्पांनी गावी परत आणली आणि पांढऱ्या बैलाला घातली.

पुढं गणिताची बाई झाल्यावर मी सगळं तपासलं. रस्त्याचा चढ असेल, पट्टा सैल असेल, अप्पा पुढं-मागं सरकले असतील. प्रत्येकाला उत्तर आहे, पण त्या दुपारचं सगळं मिळून एक उत्तर येत नाही. आणि आलं तरी काय... घरी यायला निघालेल्या भावाला मी दारातून परत लावलं, हे माझ्या मनातून जात नाही.

परवा नातवाची टॅक्सी दारात आली. सून ताटात भाकरतुकडा घेऊन पुढं झाली. मी तिचा हात धरला. म्हटलं, राहू दे. त्याच्यासोबत जे कुणी आलं असेल, त्याला बी आत येऊ दे.