बिस्किटचा ब्रश

इकडे परदेशात, सरे शहरातल्या आमच्या बिल्डिंगमधले एक काका सगळ्यांना सांगतात, "कुत्रं मुलीचं आहे, माझं नाही." मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला गेल्यापासून बिस्किटला बर्फातही फिरवतात मात्र तेच. परवा व्हेटने बजावलं, रोज ब्रश केला नाही तर मागचे दात काढावे लागतील. आणि बिस्किट तर कोणालाच तोंडात काही घालू देत नाही.

मी त्या दोघांना माझ्या गाडीतून पेट स्टोअरमध्ये नेलं. काकांनी एकेक ब्रश मनगटाच्या आतल्या बाजूवर घासून पाहिला, बाळाचं दूध कोमट आहे का बघतात तसा. लांब दांड्याचे सगळे नापास झाले.

"हा बोटात घालायचा बरा. आपलाच हात आहे, हे त्याला कळेल."

पैसे देऊन, ब्रश बोटात घालून ते दारापाशीच खाली बसले. बिस्किटने जबडा घट्ट मिटला. मग काकांनी, मुलाला भरवताना आई करते तसा, स्वतःच मोठा आ केला. लोक थांबून बघू लागले. बिस्किट माझ्याकडे बघू लागला.

"अगं, उभी काय राहिलीस? तूपण आ कर!"

मीटिंगमध्येसुद्धा माझं तोंड उघडत नाही. पण त्यांना एकटं आ करत बसलेलं मला बघवेना. मी शेजारी बसले आणि दाढा दिसतील एवढा आ केला.

बिस्किटने आधी माझ्या तोंडात नीट डोकावून पाहिलं. मग काकांचं बोट आत घेतलं.