कच्चं चालतं, शिजवलेलं नाही

लाडवांचा डबा टेबलावर तसाच होता. सेक्रेटरींनी तो दुसऱ्यांदा उचलला, झाकण काढून सगळ्यांना दाखवला. चर्चच्या अंगणातली मंडळी एकमेकांकडं पाहायला लागली.

"कुणाच्या घरचे?" मागून एका बाईनं विचारलं.

"शेळीवाल्याच्या आईचे," सेक्रेटरी म्हणाले.

एवढंच. शेळीवाला म्हणजे मी. मग कुणी बोली लावली नाही.

लातूरच्या आमच्या चर्चमध्ये सुगीच्या सणाला ज्यानं त्यानं पिकवलेलं, बनवलेलं आणायचं. उपासना झाली की त्याचा लिलाव. पैसा देवाच्या कामाला. त्या दिवशी ज्वारीचं पोतं गेलं. कोंबड्यासाठी तर दोघं हमरीतुमरीवर आले. आईनं दिलेली तूरडाळसुद्धा गेली. डॉक्टरीणबाईंचा केक पुकारायच्या आतच गेला आणि घेणाऱ्यानं तो तिथंच कापून वाटला. अडले फक्त लाडू.

आमचं घर मांगवाड्यातलं. बापानं बाप्तिस्मा घेतला तेव्हा मी लहान होतो. सेक्रेटरींचं घराणं चार पिढ्यांचं ख्रिस्ती, गावाकडं जमीन, घरात मास्तर आणि डॉक्टर. बाप्तिस्म्याचं पाणी एकच. त्यानं त्यांची जात धुतली नाही, आमची तर नाहीच नाही.

"मावशी," सेक्रेटरी आईला मोठ्यानं म्हणाले, "पुढल्या साली कच्चंच आणा. गहू आणा, शेंगा आणा. शिजवायची तकलीफ कशाला?"

आई हसली. दोन्ही हात जोडले. ती हसली याचाच मला जास्त राग आला.

मग ते माझ्याकडं वळले. "शेठ, तुम्हीच सोडवा की. घरचा माल घरात."

हशा पिकला.

मी उदगीरच्या, औशाच्या बाजारात बोकडांचे सौदे करतो. तिथं भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरतो; समोरच्याची बोटं धरली की त्याच्या मनातलं मला कळतं. इथं तर रुमालही नव्हता. सगळं उघडं. दर सणाला या लोकांच्या मालावर चढ्या बोल्या लावणारा मीच. तेव्हा सगळे "या, बसा" म्हणायचे. त्यांना गिऱ्हाईक पाहिजे होतं, शेजारी नव्हे.

"न्हाई घेणार," मी म्हणालो.

"मग बाजूला ठेवतो. पुढचा माल..."

"आधी ह्यो डबा. तोवर पुढचं काही उचलायचं न्हाई."

मी टेबलापुढं जाऊन उभा राहिलो. पाळकसाहेब लगबगीनं आले. शेजाऱ्यावर आपल्यासारखीच प्रीती करा, असा उपदेश त्यांनीच सकाळी केला होता. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, राग आवरा. प्रीती सोसायला शिकवते."

"सोसून सोसून माझी आई वाकली, साहेब. तुम्ही एक लाडू खा. एवढीच प्रीती करा."

त्यांनी डब्याकडं पाहिलं. मग सेक्रेटरींकडं पाहिलं.

"मला शुगर आहे," म्हणाले. हातातल्या बशीत केक अर्धा खाल्लेला होता.

आईनं माझी बाही ओढली. "चल लेका, शोभा नको. पुढल्या साली म्या गहू आणीन."

"न्हाई आणायचा."

नाताळच्या जेवणाला आमच्याकडं प्रीतिभोजन म्हणतात. त्याचा बोकड दर साली मी देतो. शिजवतात त्यांच्या बायका. आमच्या बायका भांडी घासतात. त्याला सेवा म्हणतात. मी तिथंच सगळ्यांसमोर सांगितलं, "यंदा बोकड आमच्या गल्लीत कापला जाईल. आमच्या बायका शिजवतील. वाढायला माझी आई."

"धमकी द्यायलास का?" सेक्रेटरी ओरडले. मघाचं शेठ गेलं होतं.

"सौदा सांगायलोय. ह्याच्यात कमीजास्त होणार न्हाई."

त्यानंतर घरी निरोप आले. बोकड जिवंतच पाठवा, उगी वाढवू नका. मग दुसरा निरोप, नाताळला आईचा शाल देऊन सत्कार करू. शाल घ्यायला तिचे हात चालतात म्हणे. मी निरोप्याला दारातूनच परत पाठवला. आम्हाला सत्कार नको. आमच्या हातचं जेवा.

आई अजून घाबरते. कुणीच आलं नाही तर, म्हणते. न येवोत. नाताळला चूल आमच्या गल्लीत पेटेल, जो येईल तो पहिल्या पंगतीला बसेल. आणि यापुढं त्यांच्या उष्ट्या भांड्यांना आमच्या एकाही बाईचा हात लागणार नाही.