आसेगावहून आलेलं उत्तर

भुताखेतांच्या गोष्टी रंगात आल्या की मधेच "मग लाइट का नाही लावला?" असं विचारून मजा घालवणारा एक काका प्रत्येक घरात असतो. आमच्या घरात तो मी. पोरं आता अशा बैठकीला मला बोलावतच नाहीत. त्यामुळे मीच असला अनुभव लिहायला बसलोय याचं सर्वात जास्त हसू माझ्या बायकोला, सुनीताला येतंय. येऊ दे... त्या दुपारी ती माझ्या शेजारीच उभी होती, आणि तेव्हा काही हसत नव्हती.

मी वाशीमच्या एका वाचनालयात ग्रंथपाल आहे. जिल्ह्यातल्या काही वाचनालयांनी मिळून अलीकडे एक सोय केली – एकत्रित शोध. एका चौकटीत पुस्तकाचं नाव टाकायचं. तो प्रश्न जोडलेल्या सगळ्या वाचनालयांच्या कॉम्प्युटरला एकदम जातो आणि ज्याचं त्याचं उत्तर येतं – आहे, नाही, बाहेर गेलंय. आमच्या स्क्रीनमागं स्वतःचं काही साठवलेलं नसतं बरं का. ती फक्त विचारते. तिकडून कोणी उत्तर दिलं तरच ओळ उमटते. हे मुद्दाम सांगतोय, कारण माझं सगळं दुखणं इथंच आहे.

आता मामा. आसेगावला माझे मामा घराच्या पुढच्या खोलीत वाचनालय चालवायचे. कॉम्प्युटर सोडा, त्यांनी कधी रजिस्टरही ठेवलं नाही. त्यांची पद्धत न्यारी – पुस्तक न्यायचं तर त्याच्या रिकाम्या जागी आपली एखादी वस्तू ठेवायची. त्यामुळे कपाटात पुस्तकांच्या मधे कोणाचा गमछा, कोणाचा अडकित्ता, कोणाची टॉर्च, एकदा तर एका पाहुण्याची कवळी. पुस्तक आलं की वस्तू परत. तोवर मामा मालकालाही हात लावू देत नसत. लहानपणी माझं घड्याळ तिथं अख्खा उन्हाळा अडकलं होतं, कारण पुस्तक वाचून होईना. पुढं ग्रंथपाल झालो तो असा.

एकत्रित शोधात या म्हणून मी त्यांच्या मागं लागलो होतो. "मले नको जोडू बाप्पा," मामा म्हणाले, "माह्या खोलीत कोणतं पुस्तक गेलं अन् कोणी नेलं, ते कपाटाकडे पाह्यलं की समजते. तुह्या डब्ब्याले समजते काय?"

हिवाळ्यात मामा गेले. दवाखान्याच्या धावपळीत त्यांचा चष्मा कुठंतरी हरवला. शेवटी नेताना तो त्यांच्यासोबत द्यावा अशी मामीची फार इच्छा होती. सगळं घर पालथं घातलं, पुस्तकांची खोलीसुद्धा... कपाट तर मी स्वतः पाहिलं. सापडला नाही. मामी तेव्हापासून गप्प झाली ती झालीच. पुढं मामेभाऊ दिलीपनं ठरवलं की ती खोली रिकामी करून बी-खताचं दुकान टाकायचं. रद्दीवाला रविवारी पुस्तकं न्यायला येणार होता. मामी त्यावरही काही बोलली नाही.

त्याच आठवड्यात, भर दुपारी, सुनीता मी विसरलेला डबा घेऊन आली होती. केनवडच्या एका शिक्षिकाबाईंचा फोन आला – शाळेतल्या मुलांसाठी आकाशदर्शनावरचं एक जुनं पुस्तक हवं होतं. मी नाव टाकलं.

वाशीम – नाही. केनवड – नाही. मग जरा थांबून खाली आणखी एक ओळ आली.

आसेगाव – बाहेर. जागेवर: चष्मा.

"हे काय लिवलं हो?" सुनीता म्हणाली.

"काही नाही. मशीनची चूक असंल."

"चूक कायले चष्मा ठेवंल?"

फोटो काढायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही. मी सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला. तो म्हणे, "सर, जागेवर असा रकानाच नाही आपल्यात. आणि आसेगाव जोडलेलंच नाही. पुन्हा करून बघा." पुन्हा केलं. दोनच ओळी.

माझा पहिला संशय त्याच्यावर. पण त्याला मामांची पद्धत कुठून ठाऊक असणार? दुसरा संशय अर्थातच घरचा.

"माह्याकडे काय पाहून राह्यले?" सुनीता म्हणाली. "मले तं तुमचा पासवर्डबी ठाऊक नाही."

पासवर्ड आमच्या लग्नाची तारीख आहे. पण त्या बाबतीत घरात विसरभोळा मीच, त्यामुळे मी डबा उघडला.

शनिवारी आम्ही मोटरसायकलनं आसेगावला गेलो. "मामांचं कपाट एकदा पाहायचं होतं," एवढंच मी म्हटलं. दिलीपनं माझ्याकडे तिरकं पाहिलं, पण किल्ली काढली. कुलूप धुळीनं माखलेलं. आत मामी आमच्या मागोमाग आली आणि दारातच उभी राहिली.

आकाशाची, भूगोलाची पुस्तकं खालून दुसऱ्या फळीवर असत. मी वाकलो. दोन जाड पुस्तकांच्या मधे एक फट होती, आणि फटीत चष्मा. घडी केलेला. डाव्या दांडीला मामांनी बांधलेला काळा दोरा.

मी ते कपाट आधी पाहिलं होतं, हे पुन्हा सांगतो. अर्थात सुनीताच्या मते मला फ्रिजमधलं दुधाचं पातेलंही दिसत नाही. पण तेव्हा तीही सोबत होती.

"दादा," दिलीप म्हणाला, "रद्दी थांबवाले लय डोकं लावलं तू."

"मी? अरे मी आत्ता आलो तुझ्यासमोर."

"मंग चष्मा काय चालत आला?"

तो चष्मा उचलायला वाकला, तेवढ्यात मामी म्हणाली, "हात नको लावू."

"आई, बाबाचा हाय. तूच तं शोधून राह्यली होती इतके दिवस."

"हाय ना. पन पुस्तक कुठी आलं अजून?"

मामीनं पदरानं तेवढ्या फळीवरची धूळ पुसली, चष्म्याला धक्का न लावता.

"एक पुस्तक बाहेर हाय, दिलीप. ते आल्याबिगर कपाट हालवता येत नाही. रद्दीवाल्याले फोन करून दे."

"अन् चष्मा इथं ठेवून बाबा वाचतीन कसे?" दिलीपनं टोमणा मारला, पण पुढं केलेला हात मागं घेतला.

"आकाशाचं पुस्तक हाय ते," मामी म्हणाली. "त्यायले जवळचाच चष्मा होता. वर पाहाले कुठी लागे?"

घरी येताना माझ्या डोक्यात आलं – पुस्तक कोणतं, हे मी मामीला सांगितलंच नव्हतं. फळीवरून ओळखलं असेल, असं सुनीता म्हणते. असेल. पण त्या फळीवर भूगोलही होता.

खोली अजून तशीच आहे. दिलीपनं दुकान ओसरीत टाकलं. चष्मा मीच ठेवला असं तो आजही चारचौघांत सांगतो, आणि मी त्याच्या जागी असतो तर तेच म्हटलं असतं. माझा संशय मामीवर आहे. पण तिच्याकडे बटणांचा फोन, तोही तिला फक्त उचलता येतो. चष्मा कोणीतरी ठेवला असेल, मान्य. पण वाशीमला मी विचारलेल्या प्रश्नाला आसेगावहून उत्तर कोणी दिलं? सॉफ्टवेअरवाल्यानं सगळं तपासलं. त्याला तसं उत्तर आल्याची खूणही सापडली नाही, आणि आता तो माझा फोन उचलत नाही.

मी तेच नाव अधूनमधून टाकून पाहतो. दोनच ओळी येतात.

परवा केनवडच्या बाईंचा पुन्हा फोन आला. "सर, ते पुस्तक मिळालं का?"

"बाहेर गेलंय," मी सवयीनं म्हणालो.

"कोणाकडे आहे? कधी येईल परत?"

सुनीता समोरच बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे... आणि बाईंना काय सांगावं ते मला अजूनही सुचलेलं नाही.