सत्यशीलाकाकूंची पाणीयादी

आमच्या चारीवर, म्हणजे कालव्यातून शेतांकडे येणाऱ्या पाटावर, सध्या अशी बातमी फिरतेय की, गिरणीवाल्या सत्यशीलाकाकूंनी रुसून पाण्याची यादी पुसून टाकली. शेजारची राहीबाई तर शपथेवर सांगते, काकूंनी पिठाचा हात लॅपटॉपवरून एकदाच फिरवला आणि चौसष्ट शेतकरी गायब. साफ खोटं. पीठ खरं आहे, बाकी काही नाही.

काकूंची राहुरीच्या अलीकडे पिठाची गिरणी आहे. लग्नाआधी नगरला कॉम्प्युटरच्या कोर्सात त्या पीएचपी शिकल्या. वेबसाईट बनवायची भाषा ती. कालव्याला पाणी सुटलं की कुणी आधी भिजवायचं यावरून तेव्हा चारीवर फावडी निघायची. काकूंनी एक साधं पान बनवलं: कुणाचं शेत, किती वाजता. स्वस्तातल्या मोबाईलवरही उघडतं. वीसेक वर्षं फावडी फक्त मातीत चालली. त्या पानाचा काकूंना जेवढा अभिमान आहे, तेवढा स्वतःच्या इंजिनिअर मुलाचाही नाही.

गेल्या महिन्यात एका सकाळी पान उघडलं तर एक ते चौसष्ट आकडे, पुढे सगळं कोरं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पाणी सुटणार. पाणी वापर संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब गिरणीत आले. ते बोलण्याआधी दोनदा घसा खाकरतात; तिसऱ्यांदा खाकरले की समजायचं, काहीतरी वाईट आहे. तिसऱ्यांदा खाकरून म्हणाले, "आज सांजच्या पाचपत्तुर यादी दिसली तर ठीक. न्हाईतर हे काम पुण्याच्या कंपनीला. त्यांचं ॲप हाय, लई भारी."

काकूंनी गिरणी बंद केली. भर दिवसा गिरणी थांबली म्हणून अर्धी गल्ली लाईट गेली का बघायला बाहेर आली.

मी ज्वारीचा डबा घेऊन तिथंच होते. काकूंनी शोधून काढलं ते असं. नेटवर ज्या कंपनीकडे पान ठेवलंय, तिनं पीएचपीची आठवी आवृत्ती बसवली होती. काकूंच्या प्रोग्रॅममध्ये 'शेतकरी' नावाचा एक साचा आहे आणि त्याच्या आत त्याच नावाचं एक फंक्शन. जुन्या आवृत्तीत साच्यातून शेतकरी निघाला की हे फंक्शन आपोआप चालायचं आणि त्याचं नाव, वेळ भरायचं. आठवी आवृत्ती अशी नावावरून ओळख मानत नाही. सुरुवातीचं काम करणाऱ्या फंक्शनला ती फक्त 'कन्स्ट्रक्ट' म्हणूनच ओळखते. त्यामुळे शेतकरी निघत होते, पण रिकामे, आणि तक्रार कसलीच नाही.

सातव्या आवृत्तीनं आधी बजावलं होतं. पण ती इंग्रजी ओळ यादीच्या डोक्यावर छापून यायची आणि यादीतले भिमाजीनाना फोन करायचे, "सत्यशीला, ही वळ काय म्हनती गं? पानी कापलं का काय?" एका दिवसात असे अकरा फोन आल्यावर काकूंनी इशारेच दिसेनासे करून टाकले. चूक त्यांची एवढीच.

मी अकरावीला कॉम्प्युटर घेतलाय, त्यामुळे मला सगळं येतं. मी म्हटलं, जुनं नाव जिथं जिथं आहे तिथनं उपटावं लागेल, शंभर ओळी तरी. काकू म्हणाल्या, तीन. पैज लागली. त्या हरल्या तर दोन दिवस गिरणी माझ्या ताब्यात, मी चालवणार. मी हरले तर मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावरून सगळी यादी वाचायची, कुणाचीही नक्कल न करता. मी घरीदारी सदा कुणाच्या ना कुणाच्या आवाजातच बोलते, म्हणून ही अट.

"जुन्या फंक्शनला कशाला काढायचं?" काकू म्हणाल्या. "दोघांनी वेळ अदलाबदल केली की त्यालाच हाक मारून परत भरून घेते मी. त्याला राहू दे घरात. दारात नवा बसवू. तो आल्याआल्या जुन्याला कामाला लावील."

एक ओळ उघडायला, एक जुन्याला हाक मारायला, एक बंद करायला. पान पुन्हा उघडलं आणि चौसष्टच्या चौसष्ट नावं वेळेसकट हजर. काकूंनी भिमाजीनाना आणि यादीतल्याच छगनची वेळ अदलाबदल करून पाहिली, तीही झाली. चार वाजून दहा मिनिटं. आप्पासाहेबांनी परत येऊन आधी स्वतःचं नाव शोधलं, मग एकदाच खाकरले आणि म्हणाले, पुण्याला कळवतो, गरज न्हाई. काकूंनी गिरणीचा पट्टा चढवला आणि माझी ज्वारी ओतली.

मी ओळी दोनदा मोजल्या. तीनच.

मग भोंग्यावर चौसष्ट नावं वाचली, माझ्या स्वतःच्या आवाजात, एकदाही न खाकरता. घरी आले तर आईनं विचारलं, देवळात ती नवी पोरगी कुणाची गं?