वजन आपटू नये

डोंबिवलीहून ठाकुर्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर जिम आहे. तिच्या काचेवर एका बाईचं भलंमोठं चित्र लावलंय. डोक्यावर दोन्ही हातांनी बार धरलेला, चेहऱ्यावर जग जिंकल्याचा भाव. मी रोज त्या रस्त्याने भाजीला जाते आणि रोज ते चित्र बघून माझं डोकं फिरतं. कारण चित्रातली बाई जे करतेय, ते त्या जिममध्ये धड करू देत नाहीत. सरळ बंदी असती तर मी एक शब्द बोलले नसते.

माझी मुलगी वेटलिफ्टिंग करते. चार वर्षं ती ठाण्याला, खोपटजवळच्या एका जुन्या व्यायामशाळेत जात होती. तळमजला, वर पत्रे, जमिनीवर जाड लाकडी फळ्यांचा चौथरा. तिथल्या सरांनी पहिले पंधरा दिवस तिला वजन उचलायला शिकवलंच नाही, टाकायला शिकवलं. मी चिडलेले. म्हटलं, सर, टाकायला काय शिकवायचं त्यात, ते कोणालाही येतं.

"ताई, कोणालाच येत नाही," सर म्हणाले. "बार जायला लागला की माणूस त्याला वाचवायला बघतो. बार लोखंडाचा आहे, त्याला काही होत नाही."

गेल्या वर्षी व्यायामशाळेची जागा रिडेव्हलपमेंटला गेली. जिल्ह्याची निवड चाचणी दीड महिन्यावर आलेली. ज्युनियरमध्ये तिचं हे शेवटचं वर्ष. निवड झाली तर राज्य स्पर्धा, नाही तर पुढच्या वर्षापासून थेट मोठ्यांच्यात. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, अशी अवस्था. म्हणून आम्ही या जिमचा जिना चढलो.

मालक तिशीचा, गोड बोलणारा. "करू दे ना मॅडम, आम्हाला प्राउडच आहे. फक्त आवाज नको. खाली डेंटिस्ट आहेत." भिंतीवर बोर्ड होता, 'वजन आपटू नये.' मी विचारलं, डोक्यावरून सुटलं तर? तो म्हणाला, "सोडायचंच कशाला? स्लोली खाली आणायचं."

तेव्हाच मुलीचा हात धरून मी खाली उतरायला हवं होतं. पण जिम घरापासून दहा मिनिटांवर, आणि तिची रोजची ठाण्याची दगदग वाचणार म्हणून मीच खूश होते. शिवाय आवाजाचं मला पटतं. आमच्या खालच्या मजल्यावर एक आजोबा एकटे राहतात, हृदयाचं ऑपरेशन झालेले. मुलगी चालायला लागली तेव्हापासून मी तिला सांगत आलेय, खुर्ची ओढू नकोस, उचल आणि हळूच ठेव, खाली माणसं आहेत. तेव्हा डेंटिस्टच्या खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या माणसाचा विचार करणं मला काही जड नव्हतं.

पण तिथे रोज बाकावर बसून मी काय बघत होते? स्पीकरवर कान किटतील अशी गाणी. आरशासमोर उभे राहून हंबरणारे बाप्ये, सेट संपला की डंबेल धाडकन खाली. त्यांना कोणी हू की चू करत नाही. आणि माझ्या मुलीने रबराच्या प्लेटा जरा जोरात टेकवल्या की ट्रेनर धावत येणार, "दीदी, आराम से." चोर सोडून संन्याशाला फाशी. मी एकदा बोललेसुद्धा त्याला. तो हसला आणि गाण्याचा आवाज वाढवला.

माझं म्हणणं एवढंच आहे. वेटलिफ्टिंग ठेवायचं तर खाली फळ्या घाला, जाड रबर घाला, तळमजला बघा, शिकवणारा माणूस आणा. जमत नसेल तर दारातच सांगा, इथे होणार नाही, आणि काचेवरची ती बाई काढा. 'करा, पण आवाज नको' ही परवानगी नाही, ही फसवणूक आहे.

चाचणीला नऊ दिवस असताना ते झालं. ती स्नॅच करत होती, म्हणजे जमिनीवरून एका झटक्यात बार थेट डोक्यावर. मी समोर बाकावर. बार वर गेला आणि मागे झुकला. खोपटला असं शंभरदा झालेलं. ती हात सोडून पुढे उडी मारायची, मागे धडाम व्हायचं, आणि ती हसत वळायची. त्या दिवशी तिने सोडला नाही. बारसोबत तीच मागे गेली, तो धरूनच मागे टेकवत खाली बसली. आवाज म्हणाल तर गादीवर उशी टाकल्याएवढा. डावं कोपर भलत्याच बाजूला वळलेलं.

मालक बर्फ घेऊन आला, ते खरं. पण बर्फ ठेवता ठेवता म्हणाला, "टेक्निक चुकलं असेल, मॅडम." नाचता येईना अंगण वाकडं, असं त्याला म्हणायचं होतं. मी म्हटलं, अहो, तुमचं अंगणच वाकडं आहे. तुमच्या त्या बोर्डाने माझ्या पोरीचा हात गेला. आणखीही पुष्कळ बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. गाणी पहिल्यांदाच बंद झालेली.

डॉक्टरांनी कोपर बसवलं, प्लॅस्टर घातलं, सहा आठवडे सांगितले. रिक्षात माझा पट्टा चालूच होता. त्याच्यावर केस करते, तो बोर्ड उपटून त्याच्याच हातात देते.

"बोर्डामुळे नाही गं, आई," ती म्हणाली. "बोर्डाकडे कोण बघतंय? मी सोडणारच होते. तेवढ्यात तू म्हणालीस, हळूच ठेव."

"मी? मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं."

"माहितेय," ती म्हणाली, आणि बाहेर बघत बसली. चिडलीही नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

त्या मालकावरचा राग गेलेला नाही, जाणारही नाही. निम्मा मी आता घरीच ठेवते, एवढंच.

चाचणीच्या दिवशी सकाळी तिच्या वजनगटाची वेळ झाली तेव्हा ती आमच्या स्वयंपाकघरात होती. घड्याळाकडे आम्ही दोघीही बघत नव्हतो. तिला खिडकीपाशी बसायचं होतं. प्लॅस्टरचा हात गळ्यात, दुसऱ्या हाताने तिने खुर्चीची पाठ धरली.

"ओढ गं," मी म्हटलं. "होऊ दे आवाज."

तिने एका हाताने खुर्ची उचलली, खिडकीपाशी नेली आणि हळूच ठेवली.