माहेरचं पाणगवत

एकाच पाटावर माहेर आणि सासर असणं म्हणजे काय, ते ज्या बाईच्या वाट्याला येतं तिलाच कळतं. कर्जतच्या आमच्या भागात उन्हाळी भाताला पाटाचं पाणी सोडतात. या पाटाच्या वरच्या अंगाला माझ्या बाबांचं शेत आहे आणि पार शेवटाला सासूबाईंचं. मधे आहे ते पाणगवत.

बाबांचा त्या गवतावर भारी जीव. शेतात पाणी घ्यायची त्यांची मोरी कुणा शहाण्याने जरा उंचावर बसवून ठेवलेली. पाट मोकळा असला की पाणी तिच्या खालून धावत निघून जातं. गवत माजलं की त्याचा वेग मोडतो, पातळी चढते आणि मोरी आपोआप भरून वाहायला लागते. शेवटाच्या शेतापर्यंत मग पाणी कसंबसं पोचतं.

"तुज्या बापाचं गवत पानी गाळून पाठवतंय गं," सासूबाई म्हणायच्या. "आमच्याकडं नुसता ओलावा येतो." हे चहा पिताना व्हायचं, पाहुण्यांसमोर तर जास्तच रंगायचं. मला हसू आवरायचं नाही. माहेरी गेले की मी त्यांचा आवाज काढून सगळं बाबांना करून दाखवायची आणि ते पोट धरून हसायचे.

बाबांचंही उत्तर तयार असे. एका वर्षी गावातल्या उत्साही मंडळींनी जेसीबी आणून पाट काठासकट खरवडला होता. पाणी असं सुसाट सुटलं की त्यानं वळणावरची माती खाल्ली, काठ ढासळला आणि कुणालाच थेंब मिळाला नाही. तेव्हापासून बाबा गवताचे वकील. ते मला काठावर उभं करून आंब्याची दोन पानं टाकून दाखवायचे. मधल्या धारेत गवताच्या शेंड्यांवर पडलेलं पान भोवऱ्यात गरगरायचं, काठच्या लव्हाळ्यात पडलेलं तिथंच डुलत राहायचं.

"बग, वरनं केवढी खळबळ, आन् बुडाशी माती जागची हलत नाय. तुज्या सासूचं बी आसंच हाय."

हेही मी इमानेइतबारे सासरी पोचवलं. सासूबाईंना हसून ठसका लागला.

गेल्या उन्हाळ्यात पाणीच कमी सुटलं. सासूबाईंचं भात नेमकं निसवत होतं, लोंब्या बाहेर पडत होत्या आणि खाली जमिनीला भेगा पडायला लागल्या. त्या वेळी पाणी चुकलं की दाणा भरत नाही. त्या दिवशी त्यांनी बाबांचं नावही काढलं नाही. बांधावर उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "या भातावर वर्षभराचं घर हाय गं." मी बाबांना फोन लावून सगळं सांगितलं.

"गवत माजं हाय, पानी नाय," असं म्हणून त्यांनी हसत फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या शेतात पाणी आलं, चांगलं पायाचा घोटा बुडेल एवढं. बाबांनी विळा घेऊन स्वतः पाटात उतरून मधलं गवत कापलं होतं, काठचं तेवढं राखून. "आली एकदाची अक्कल व्याह्यांना!" सासूबाई जोरात म्हणाल्या. त्यांचा चेहरा मात्र किती दिवसांनी फुलला होता.

कापणी झाल्यावर नव्या तांदळाची पिशवी घेऊन आम्ही दोघी माहेरी गेलो. बाबा शेतावर होते, म्हणून तिकडेच वळलो. सगळीकडे कापणी उरकली होती, पण मोरीखालचं बाबांचं भात तसंच उभं होतं आणि त्यात गुरं चरत होती. सासूबाईंनी एक लोंबी खुडून तळहातावर चोळली. आत दाणाच नव्हता. बाबांचं भातही तेव्हाच निसवलं होतं आणि गवत कापल्यावर पाणी त्यांच्या मोरीखालून आमच्याकडे निघून आलं होतं.

"व्याही, एका शब्दानं बोलला नाय तुमी?"

बाबा नेहमीसारखे हसले. "भाताचं काय, विहीणबाई, तांदूळ नेरळच्या दुकानात बी मिळतो. पन आमची पोरगी रोज टोमणं खाते, त्यावर दुकानात काय मिळत नाय."

"टोमणं? आवो, मी थट्टा करत व्हते," सासूबाई कशाबशा म्हणाल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

त्यांची प्रत्येक थट्टा नक्कल करून मीच इथं आणली होती, आणि पोट धरून हसणाऱ्या माझ्या बाबांनी त्यातली एकूण एक मनाला लावून घेतली होती.