गोदामातलं रविवारचं गाणं

मलकापूरला आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगचं गोदाम आहे. आता तिथे खताची पोती असतात. पण मधली सात-आठ वर्षं तिथे दर रविवारी संध्याकाळी गाणं व्हायचं, आणि ते बंद पाडणारा माणूस मी आहे.

गोदाम भाड्याने घेतलं होतं माझ्या मित्राने. त्याचा धंदा पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्याचा, वेड मात्र गाण्याचं. "लग्नात गाणाऱ्याले कोण आयकते, गुरुजी? सारे जेवणाच्या मांगं. आपण आयकणारे आणू," असं तो म्हणाला होता. मी शाळामास्तर, त्यामुळे विजेच्या मीटरचा अर्ज, गोदामाच्या मालकाला पत्र, सगळं त्याने माझ्याकडूनच लिहून घेतलं. ताडपत्री अंथरली, सरकीचा वास काही केल्या गेला नाही, आणि सुरू झालं. एका रविवारी भीमगीतं, पुढच्या रविवारी कव्वाली, मग जानेफळकडचं एखादं भजनी मंडळ. पलीकडच्या रुळांवरून मालगाडी आली की गाणारे सूर धरून थांबायचे आणि ती गेली की पुढची ओळ घ्यायचे. त्यालाही टाळ्या पडायच्या. पेटीवर मी असायचो. माझ्यासारख्या बेताच्या वाजवणाऱ्याला दुसरीकडे कोणी उभं केलं नसतं.

मग एक की-बोर्डवाला आला. तो चांगला वाजवायचा, हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली. त्याच्यासोबत मोठे स्पीकर आले आणि माझी पेटी बंद झाली. मला मित्राने सगळ्यांत पुढे खुर्ची दिली. सारे ताडपत्रीवर आणि मी एकटा खुर्चीवर. त्याने मान म्हणूनच दिली होती, पण मला ती बढती देऊन केलेली बदली वाटली.

घरी मांडणीवरची भांडी थरथरायची, बायकोची अर्धशिशी उठायची. ती म्हणाली, "जाऊन सांगा ना त्याईले, आवाज कमी करा म्हणा. आयकतीन ते." ऐकलंच असतं त्याने. पण तोंडावर सांगायची मला भीड वाटली. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे भीड माझी आणि नुकसान त्याचं. मी पोलीस ठाण्यात निनावी अर्ज टाकला. त्यात आजारी माणसांना होणाऱ्या त्रासाबद्दल चार चांगली वाक्यं लिहिली. खरं म्हणजे मी त्या की-बोर्डवर जळत होतो.

वाटलं, पोलीस येतील, दम देतील, आवाज कमी होईल. त्यांनी परवानगीचा कागद मागितला. तो आम्ही कधी काढलाच नव्हता. मालक घाबरला आणि त्याने गोदामाला कुलूप लावलं.

आठवड्याने मित्र घरी आला. ठाण्यात आपल्याला तो अर्ज दाखवला, एवढंच त्याने सांगितलं. चहा घेतला. मग परवानगीसाठी अर्ज लिहून मागितला.

"एखाद्या वकिलाकडून लिहून घे," मी म्हणालो. "माह्या अर्जानं काय होते?"

त्याने कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"तुमच्या हातचा अर्ज वाया नाही जात, गुरुजी," तो म्हणाला. "पयला गेला काय?"